महूचा शरद : आधी धबधबे, मग मांडू, शेवटी नर्मदा

गणपती गेले की महूतल्या मराठी घरांत एकच हिशेब सुरू होतो. दिवाळीला पुण्याला जायचं की नागपूरला, तिकिटं कोण काढणार, सासर आणि माहेर दोन्ही एका सुट्टीत कसं बसवायचं. या हिशेबात एक गोष्ट दरवर्षी राहून जाते. पितृपक्षापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचे जे दोन महिने आपण बांधाबांध आणि परतीच्या थकव्यात घालवतो, तेच दोन महिने महूत राहण्याचे सर्वांत सुंदर दिवस असतात. पाऊस उघडलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, रात्री पंखा बंद करावासा वाटतो आणि तासा-दोन तासांच्या अंतरावर अशा जागा असतात की लोक त्यांच्यासाठी मुंबईहून येतात.

म्हणून माझा आग्रह आहे की गावी जरूर जा, पण चार-पाच दिवसांसाठी जा. बाकीचा शरद इथे काढा. लष्करातल्या बदलीमुळे उन्हाळ्यात नव्याने आलेल्या कुटुंबांना तर मी हे हक्काने सांगते. दोन-तीन वर्षांत तुमची पुन्हा बदली होईल आणि मुलांना महू म्हणजे शाळा, क्वार्टर आणि मेन स्ट्रीट एवढंच आठवेल. ज्यांची घरं इथे पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यांच्यातही थोरल्या बाजीरावांची समाधी असलेली रावेरखेडी न पाहिलेली पुष्कळ माणसं मला भेटतात.

क्रम पाण्याने ठरवायचा

सहलींचा क्रम सुट्ट्यांवरून ठरवला तर चुकतो. तो पाण्यावरून ठरवावा लागतो. महू माळव्याच्या पठाराच्या अगदी दक्षिण कडेवर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथून थोडं दक्षिणेला गेलं की पठार संपतं, विंध्याचा उतार लागतो आणि खाली निमाड पसरतं. पठारावरचे ओढे त्या कडेवरून खाली उडी घेतात, तेच आपले धबधबे : पाताळपाणी, तिंछा, बामनिया कुंड, मेहंदी कुंड, मानपूरचा शीतलामाता. या ओढ्यांना पावसाखेरीज दुसरा आधार नाही. दिवाळीनंतर यातल्या बहुतेकांची नुसती धार उरते, म्हणून धबधबे सगळ्यांत आधी, पितृपक्ष ते दसरा या काळात पाहून घ्यायचे. पितृपक्षात नवी खरेदी टाळणारी घरं आहेत, पण पाणी पाहायला जाण्यात कुणाची आडकाठी नसावी.

मांडूही पठाराच्या कडेवरच आहे, महूपेक्षा थोडं उंच. तिथे दसरा ते दिवाळी हा काळ उत्तम. निमाड मात्र खाली आहे. महेश्वर महूपेक्षा सुमारे चारशे मीटर खाली वसलेलं आहे, आणि ऑक्टोबरच्या उन्हात घाटाच्या दगडी पायऱ्या पाय ठेवू देत नाहीत. नर्मदाकाठच्या सगळ्या जागा दिवाळीनंतर ठेवाव्यात.

एवढा क्रम पाळला की बाकीचं आपोआप जुळतं. माझा दुसरा नियम असा की दोन रविवार बाहेर गेलात तर तिसरा घरी काढायचा. त्याची कारणं पुढे येतीलच.

पाताळपाणी आणि काळाकुंड

पाताळपाणी महूपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे, त्यामुळे 'कधीही जाऊ' म्हणत ते राहून जातं. सुमारे ३०० फुटांचा कडा आहे. पावसाचा जोर ओसरला की सप्टेंबरअखेरीस पाणी गढूळ राहत नाही, गर्दी कमी होते आणि समोरच्या कठड्यापासून पूर्ण धार दिसते. तिथूनच पाहायचं. प्रवाहात उतरायचं नाही, कड्याच्या वरच्या अंगाला तर मुळीच नाही. २०११ च्या जुलैमध्ये एक कुटुंब वरच्या प्रवाहात मधल्या खडकावर अडकलं, बघता बघता पाणी वाढलं आणि सगळे कड्यावरून वाहून गेले. त्यातल्या काहींचे प्राण गेले. वर कुठेतरी पडलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही, आणि पठारावरचे ओढे फार थोड्या वेळात फुगतात. ढग नसले तरी पाणी अचानक गढूळ झालं, त्यात काटक्या-पालापाचोळा येऊ लागला की तत्क्षणी मुलांना घेऊन वर यायचं. हे लहान मुलांनाही शिकवता येतं, आणि शिकवावं.

पाताळपाणीला तंट्या भिल्लाचं देऊळ आहे. इंग्रजांनी त्याला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी दिलं. इथून जाणाऱ्या गाड्या त्याच्या मानासाठी क्षणभर थांबत, असं जुने रेल्वेवाले सांगतात. मुलांना धबधबा दाखवताना हेही दाखवा.

इथून पुढे काळाकुंडपर्यंत घाट उतरणारी मीटरगेज गाडी ही महूच्या शरदातली माझी सर्वांत आवडती गोष्ट. २५ डिसेंबर २०१८ पासून ती हेरिटेज गाडी म्हणून सुरू झाली. बोगदे, दऱ्यांवरचे पूल, मोठ्या काचांचे डबे, आणि वेग इतका कमी की मुलांना झाडं ओळखता येतात. ही लाइन होळकरांच्या पैशाची आहे. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले होते. त्या करारातून उभी राहिलेली वाट आज ब्रॉडगेजच्या कामात मोडते आहे, म्हणून ही गाडी चालू आहे तोवर मुलांना तिच्यात बसवून आणा. त्याच कामामुळे गाडी कधी महूहून सुटते तर कधी पाताळपाणीहून, आणि काही काळ बंदही राहते. बहुधा शनिवार-रविवारी असते. तिकीट काढताना सुटण्याचं स्टेशन नीट वाचा आणि आठवडाभर आधी आरक्षण करा. ऐन वेळी गेलं तर खिडकीची जागा मिळत नाही.

काळाकुंडला उतरलं की फलाटावर कलाकंद घ्यायचा. खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानात बांधलेला, रवाळ, किंचित धुराचा वास असलेला हा कलाकंद इंदूरच्या दुकानांत मिळत नाही. तिथेच ताजा खावा. घरी आणायचा तर थोडाच आणावा, दुसऱ्या दिवशी दुधाची चव उतरते. सोबत घरचं जेवण न्या : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही-काकडी. काळाकुंड लहान जागा आहे, तिथे पोटभर जेवणाची सोय गृहीत धरू नका.

तिंछा आणि मेहंदी कुंडाला मोठ्या मुलांना घेऊन, चार-पाच जणांच्या सोबतीनेच जा. वाटा निसरड्या असतात आणि खाली मोबाइलला रेंज मिळेल याचा भरवसा नाही. बेरछा तलावाकडे फिरायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्या भागात लष्कराची फायरिंग रेंज आहे. पाट्या आणि लाल झेंडा दिसला की तिथूनच मागे फिरायचं, आणि जमिनीवर पडलेल्या धातूच्या कुठल्याही तुकड्याला मुलांनी हात लावायचा नाही. छावणीतल्या संस्थांच्या फाटकांसमोर फोटो काढू नयेत, हे नव्या पाहुण्यांना घरातूनच सांगून ठेवलेलं बरं.

संजा, भोंडला आणि घरचे दिवस

आता तिसऱ्या रविवाराबद्दल. माळव्यात पितृपक्षाचे पंधरा-सोळा दिवस मुली भिंतीवर संजा मांडतात. शेणाने रोज एक नवी आकृती काढायची, कधी चांदणी, कधी स्वस्तिक, कधी चौपट, आणि ती तेरड्या-गुलबाशीच्या पाकळ्यांनी सजवायची. संध्याकाळी गल्लीतल्या मुली जमून गाणी म्हणतात, आरती होते, प्रसाद वाटतात. शेवटी मोठा किल्लाकोट होतो आणि सर्वपित्री अमावास्येनंतर सगळं खरवडून पाण्यात सोडतात. लगेच दुसऱ्या दिवशी घटस्थापना. म्हणजे आपल्या मुलींना भिंतीवरची संजा आवरून थेट पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर धरता येतो. एवढं भाग्य पुण्यातल्या मुलींच्या वाट्याला येत नाही.

शहरी फ्लॅटच्या भिंतीवर शेण नको वाटत असेल तर प्लायवुडचा तुकडा किंवा जुना पाट घ्या. गोबर कोदरिया, गुजरखेडा बाजूच्या गोठ्यांतून सहज मिळतो. शेजारच्या माळवी काकूंना बोलवा, गाणी त्यांना येतात. बदल्यात भोंडल्याला त्यांच्या मुलींना बोलवा. खिरापत ओळखायच्या खेळात त्या पहिल्या दिवशी गोंधळतात आणि तिसऱ्या दिवशी आपल्या मुलींना हरवतात. भोंडला नऊही दिवस जमला नाही तर तीन संध्याकाळी ठरवून करावा, पण खिरापत घरी केलेली असावी. आणलेल्या पाकिटावर नाव छापलेलं असतं, मग ओळखायचं काय!

नवरात्रात देवासच्या टेकडीवर जाण्याची पुष्कळ मराठी घरांची रीत आहे. तिथे तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन्ही देवी आहेत. अष्टमी-नवमीला म्हाताऱ्या माणसांना त्या रांगेत उभं करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या माळेला, आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहाटे निघावं.

दसऱ्याचा दिवस महूत राहा. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी याच छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ तेव्हा इथे नोकरीला होते. जन्मस्थानी उभारलेल्या स्मारकात एप्रिलमध्ये लाखोंची गर्दी असते आणि लहान मुलांना काही नीट पाहता येत नाही. १९५६ मध्ये १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला, नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्यामुळे दसऱ्यालाही इथे वंदना होते, पण त्या दिवशी बसून चित्रं पाहायला, मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला सवड मिळते. घराजवळ असलेल्या या जागेसाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी. नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं असेल तर मात्र त्या आठवड्यातल्या गाड्या फार आधी भरतात, हे ध्यानात घ्या.

कोजागरीला आपलं मसाला दूध आणि इथली चांदण्यात ठेवलेली तांदळाची खीर, दोन्ही करा. ज्या बौद्ध घरांत वर्षावास पाळतात तिथे याच पौर्णिमेला त्याची सांगता होते. महूच्या शरदातली ही सगळी घरं एकमेकांना लागून आहेत, आणि एका गच्चीवर त्या रात्री तिन्ही घरांचं गोड जमू शकतं.

घरच्या रविवाराची खरी कामं मात्र साधी असतात. चार महिन्यांचा दमटपणा गाद्या-रजयांत मुरलेला असतो. आश्विनाचं ऊन कडक असतं ते त्यासाठीच वापरून घ्यावं. सकाळी दहा ते तीन रजया गच्चीवर, दुपारी एकदा उलटायच्या आणि ऊन उतरायच्या आत घरात, नाहीतर संध्याकाळचं दव बसतं. कपाटातले लोकरीचे कपडे त्याच दिवशी बाहेर काढा. दिवाळीनंतर पहाटेचा गारठा एका आठवड्यात येतो आणि शाळेच्या रिक्षात मुलं कुडकुडत बसतात. कूलरमधलं, कुंड्यांखालच्या ताटल्यांमधलं पाणी दर आठवड्याला उपसा. पावसानंतरचे हेच महिने डेंग्यूचे असतात, आणि तो डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो. सोयाबीनची काढणी सुरू झाली की संध्याकाळी दिव्याभोवती हिरव्या बारीक किड्यांचे थवे येतात. स्वयंपाक सूर्यास्तापूर्वी आटोपून ओट्यावरचा दिवा मालवला तर जेवण सुखाने होतं.

गावी जायचं तर

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. पुष्कळांच्या डोक्यात अजून जुना हिशेब आहे. प्रवासाचा दिवस सोडून मागे ६० दिवस मोजा आणि त्या सकाळी आठला तयार राहा. दिवाळीच्या तिकिटांसाठी हा दिवस गणपतीच्या आसपास येतो. परतीचं तिकीट वेगळ्या तारखेला उघडतं, त्याची नोंद कॅलेंडरवर आधीच करून ठेवा, कारण जाताना सगळे जातात आणि अडकतात ते येताना.

इथून महाराष्ट्राकडे थेट दक्षिणेला उतरणारी लाइन सध्या नाही. पुण्याची गाडी इंदूरहून रतलाम, बडोदा, सुरत असा मोठा वळसा घेते. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे आणि तो महूवरून जाणार आहे. तोपर्यंत रात्रीची बस हाच बहुतेकांचा मार्ग. बसमध्ये जागा घेताना चढण्याचं ठिकाण विचारून घ्या. 'महू बायपास' एवढंच लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात बस हायवेवर अंधारात दोन मिनिटं थांबते. सामान आणि लहान मुलं असतील तर सरळ इंदूरला जाऊन जिथून बस सुटते तिथेच बसावं, तासभर जास्त लागला तरी.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते. मानपूरच्या पुढचा गणेश घाट आणि सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट दिवसा उतरा. गणेश घाटाच्या उतारावर ब्रेक तापून सुटलेल्या ट्रकांनी पुष्कळ जीव घेतले आहेत. उतरताना पुढच्या ट्रकपासून लांब राहा, मागून मोठं वाहन येत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. दुसरं म्हणजे सोयाबीनच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॉल्या असतात, त्यांना मागे दिवे नसतात. माळव्यातले आतले रस्ते तर संध्याकाळी सहानंतर टाळावेतच.

सुट्ट्यांचा घोळ दर घरात होतो. केंद्रीय विद्यालयाची शरदाची सुट्टी साधारण दसऱ्याला येते, महाराष्ट्रातल्या चुलत-मावस भावंडांची दिवाळीला. आपली मुलं तिथे पोहोचतात तेव्हा भावंडं परीक्षेत असतात. अशा वेळी उलटं करा. दसऱ्याच्या सुट्टीत मुलांनी इथलं पाहावं आणि दिवाळीनंतर भावंडांना इकडे बोलवावं. पाहुणे म्हणून आलेली मुलं मांडू-महेश्वर पाहून जातात आणि आपला चार दिवसांचा प्रवास वाचतो. इंदूरला त्यांना एक संध्याकाळ द्या : राजवाडा, मग रात्री नऊनंतर सराफा. भुट्ट्याचा कीस मक्याच्या दिवसांतच चांगला, आणि गराडू थंडी पडल्यावर. दोन्ही एका रात्री मिळाले तर ती रात्र बहुधा दिवाळीच्या आगेमागेच असते.

मांडू

पावसात मांडूला इतकी गर्दी लोटते की जहाज महालाच्या जिन्यावर उभं राहायला जागा नसते, आणि धुक्यात रूपमती महालावरून काहीच दिसत नाही. दसऱ्यानंतर गर्दी ओसरते, हवा स्वच्छ होते आणि त्याच महालावरून खाली निमाड आणि लांबवर नर्मदेची रेघ दिसते. लोक हीच रेघ पाहायला पावसात जातात आणि ढग पाहून परततात.

सकाळी साडेसहाला निघा. आधी रूपमती महाल, कारण सकाळीच लांबचं दिसतं. मग बाजबहादूरचा महाल, मग गावातली जामी मशीद आणि होशंगशाहाची संगमरवरी कबर. दुपारी जेवण, आणि जहाज महाल शेवटी, ऊन कलल्यावर. मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधोमध तो उभा आहे, तलाव भरलेले असले तरच त्याचं नाव पटतं. डिसेंबरनंतर पाणी ओसरतं. मुलांना गच्चीवरचे कासवाच्या आकाराचे हौद आणि त्यांत पाणी आणणाऱ्या दगडी पन्हळी दाखवा. पावसाचं पाणी कसं साठवत, गाळत आणि वर चढवत, हे पुस्तकात वाचून कळत नाही ते तिथे बोट ठेवून दाखवता येतं. वाटेत जाड बुंध्यांचे गोरखचिंचेचे वृक्ष दिसतील, इथे त्यांना खुरासानी इमली म्हणतात. मूळ आफ्रिकेतलं हे झाड मांडूच्या सुलतानांच्या काळात इथे आलं, असं मानतात.

परतताना सीताफळं घ्यायची. मांडू-मानपूरच्या रस्त्यावर भिल्ल-भिलाला बायका टोपल्या घेऊन बसतात. जंगलातली ही फळं लहान असतात पण गोडी बाजारच्या फळांत नाही. डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमधल्या रेषा पिवळसर-पांढऱ्या झालेलं फळ घ्या. ते दोन-तीन दिवसांत पिकतं. रेषा हिरव्याच असतील तर फळ काळं पडतं, पिकत नाही. अगदी मऊ झालेली तिथेच खायला दोन घ्या, गाडीत ती चेंगरतात. घरी आणून धान्याच्या डब्याशेजारी गवतात किंवा कागदात एकेक वेगळं ठेवा आणि रोज दाबून बघा. भाव फार पाडू नका. त्या पहाटे डोंगरात जाऊन ती फळं उतरवून आणतात आणि संध्याकाळपर्यंत टोपली रिकामी झाली नाही तर माल वाया जातो. बासुंदीत घालायचं तर दूध आटून पूर्ण गार झाल्यावर गर मिसळा, गरम दुधात तो कडवट होतो.

नर्मदाकाठ

दिवाळीत गावी गेला नसाल तर त्या दिवसांत सहलीला कुठेही जाऊ नका. पाडव्याला गौतमपुऱ्यात हिंगोट युद्ध होतं, दोन गट एकमेकांवर पेटलेली हिंगोटाची फळं फेकतात, माणसं भाजतात. पाहुण्यांना त्याचं कुतूहल असतं, तरी मुलांना तिथे नेऊ नये. घरी फराळ, किल्ला आणि शेजाऱ्यांकडे जाणं-येणं, यात ते चार दिवस पुरतात.

भाऊबीज झाली की महेश्वर. महूहून सत्तरेक किलोमीटर, हायवे सोडल्यावर शेवटचा रस्ता साधा. होता होईल तो मुक्काम करा, कारण महेश्वराच्या दोन वेळा पाहण्याच्या असतात : सूर्यास्त आणि सकाळ. सकाळी लवकर राजवाड्यात गेलात तर मातीची इवली इवली शिवलिंगं घडवून केलेली लिंगार्चन पूजा पाहायला मिळते. ती लिंगं नंतर नर्मदेत सोडतात. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेला हा नेम आहे. चोंडीच्या पाटलांची ही लेक १७२५ मध्ये जन्मली आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी गेली. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट-देवळं बांधणाऱ्या बाईंची स्वतःची गादी इथे किती साधी होती, हे मुलींना आवर्जून दाखवा.

साडी घ्यायची असेल तर आधी माग पाहा. किल्ल्यात विणकरांची एक संस्था सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून काम करते, शिवाय गावात घरोघर माग आहेत. महेश्वरीचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, म्हणून ती हलकी राहते. काठाचे नमुने किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरून घेतलेले आहेत : चटई, वीट, हिरा. घाटाच्या भिंतीवरचा नमुना शोधून मग तोच साडीच्या काठावर ओळखायचा, हा खेळ मुलांना तासभर गुंतवतो. अस्सल जुन्या पद्धतीचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो, उलटून बघा. यंत्रमागाचा माल त्याच बाजारात त्याच नावाने मिळतो, त्यामुळे विणकराकडूनच घेतलेलं बरं.

ओंकारेश्वरला कार्तिकातले सोमवार आणि एकादशी सोडून जावं. तिथे शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास आहे, मराठी माणसांची राहण्या-जेवणाची सोय स्वच्छ आणि माफक दरात होते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना पुलावरून चालण्याची सवय आहे का ते बघा, नसेल तर नावेने पैलतीर गाठा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. घाटावर आंघोळ करताना साखळीच्या आतच राहायचं. वर धरण आहे, पाणी सोडतात तेव्हा भोंगा वाजतो आणि नदी लगेच चढते. २००५ च्या एप्रिलमध्ये वरच्या अंगाला धाराजीला असंच पाणी वाढून साठहून अधिक यात्रेकरू वाहून गेले होते. भोंगा वाजला की कपडे-चपला तिथेच टाकून वर यायचं, हे घरातल्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा.

देवउठनी ग्यारस झाली की याच काठावरून नर्मदा परिक्रमेला लोक निघतात. त्यांत मराठी माणसं खूप असतात. त्यांना एक वेळचा शिधा देणं मुलांच्या हातून होऊ द्या.

एक दिवस रावेरखेडीसाठी ठेवा. थोरल्या बाजीरावांनी २८ एप्रिल १७४० रोजी इथे नर्मदाकाठी देह ठेवला. सनावदवरून आत जावं लागतं, रस्ता अरुंद आहे आणि मुक्कामी काही सोय नाही. डबा, पाणी बरोबर न्या आणि दिवसाउजेडी परत फिरा. दगडी समाधी, समोर रुंद पात्र, आणि बहुतेक वेळा तुमच्याशिवाय कुणी नाही. चाळिशीच्या आतच गेलेल्या त्या पेशव्याची गोष्ट मुलांना तिथे बसून सांगा.

आणि कार्तिकी पौर्णिमेला जानापाव. महूपासून जवळच, सुमारे साडेआठशे मीटर उंचीचा डोंगर, परशुरामाचं जन्मस्थान म्हणून मानलेला. त्या दिवशी तिथे जत्रा भरते, आसपासच्या गावांतून माणसं ट्रॅक्टरमधून येतात, गूळपट्टी, बांगड्या, लाकडी खेळणी यांची दुकानं लागतात. चंबळेचा उगम याच डोंगरात. उत्तर उतारावर पडलेला पाऊस चंबळेतून यमुनेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातो, दक्षिणेच्या बाजूचा नर्मदेतून अरबी समुद्राला. डोंगरमाथ्यावर उभं राहून दोन्ही दिशा हाताने दाखवता येतात. जत्रेच्या दिवशी वरपर्यंत गाडी नेऊ नका, खाली कुटी गावाच्या बाजूला ठेवा आणि सकाळी आठच्या आत चढायला लागा. अकरानंतर रस्ता अडतो. उतरताना पाणी आणि स्वेटर दोन्ही जवळ असू द्या, कारण तिथे दुपार तापते आणि चार वाजले की वारा एकदम गार होतो.